हीथ आणि पाणथळीच्या वाटेवर निघण्यापूर्वी

थर्स्ली कॉमनच्या आमच्या दिवसभराच्या सहलीबद्दल फोन आला, की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘चढ किती आहे?’ सह्याद्रीत गड चढलेल्या माणसाला हेच आधी सुचणार. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या या माळावर चढ जवळजवळ नाहीच. गाठायचा माथा नाही, बुरूज नाही, तळपता कातळ नाही. बघण्यासारखं बरंचसं गुडघ्याच्या खाली आहे आणि ते दिसायला थांबावं लागतं, वाकावं लागतं. म्हणून चार-पाच किलोमीटरच्या वाटेला आम्ही चांगले तीन-साडेतीन तास ठेवतो. भरभर चालून घाम काढायचा असेल, तर आमच्या डोंगराळ भागातल्या सहली बघा. ही सहल वेगळी आहे आणि आमची सगळ्यात आवडती आहे.

हा माळ कसा घडला

हीथ म्हणजे वाळूच्या, आम्लधर्मी, निकस जमिनीवरचा झुडपी माळ. दिसायला रानटी, पण घडवलेला माणसानेच. दक्षिण इंग्लंडमध्ये कांस्ययुगातल्या शेतकऱ्यांनी, म्हणजे सुमारे ४,००० वर्षांपूर्वी, जंगल तोडायला सुरुवात केली. हलक्या जमिनीतला कस पावसाने धुऊन नेला. पुढे पिढ्यानपिढ्या लोकांनी इथे गुरं चारली, चुलीसाठी झुडपं आणि पीट, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, कापून नेलं. त्यामुळे झाडांना पुन्हा डोकं वर काढता आलं नाही आणि हीथरची बुटकी झुडपं टिकली. चराई आणि कापणी थांबली, की बर्च आणि पाइनची रोपं लगेच माजतात. तेव्हा माळावर कुणी करवत घेऊन झाडं पाडताना दिसलं तर दचकू नका, तो माणूस हीथ वाचवतो आहे. १८०० सालापासून इंग्लंडमधली सखल भागातली ८० टक्क्यांहून जास्त हीथ शेतीत, लागवडीच्या जंगलात आणि घरांखाली गेली. जे तुकडे उरले, ते जपून वापरायचे आहेत.

माळाच्या खोलगट भागात पाणी साचतं आणि तिथे दलदल सुरू होते. ती उभी आहे स्फॅग्नम नावाच्या शेवाळावर. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकतं. पाण्याखाली हवा पोचत नसल्याने मेलेलं शेवाळ पुरतं कुजत नाही, थरावर थर दबत जातो आणि त्याचं पीट होतं. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर जाडीच्या थराला हजारेक वर्षं लागतात. फळ्यांच्या वाटेवरून फोटोसाठी ‘फक्त एक पाऊल’ खाली टाकू नका असं आम्ही वारंवार सांगतो, ते याचसाठी. शिवाय ते पाऊल मांडीपर्यंत आत जाऊ शकतं.

थर्स्लीची ही दलदल महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. आपलं नांदूर मधमेश्वर ज्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, तीच ही.

काय बघायचं

फळ्यांच्या वाटेवर पहिल्यांदा थांबू ते दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीपाशी. कासच्या पठारावर तुम्ही दवबिंदू पाहिला असेल, तर हा त्याचाच भाऊबंद. नाण्याएवढी गोल पानं, त्यांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. भर दुपारीही हे थेंब सुकत नाहीत. चिलट बसलं की चिकटतं, सुटायला धडपडतं आणि त्या धडपडीनेच आजूबाजूचे केस त्याच्याकडे वळायला लागतात. दलदलीच्या पाण्यात नायट्रोजन फारच कमी, म्हणून ही वनस्पती तो किड्यांतून मिळवते. भिंग आम्ही देतो. मुलांना फळीवर पालथं झोपून बघू द्या, कपडे मळले तर मळू देत.

इथले चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) बघायला दूरदूरहून लोक येतात. मे ते सप्टेंबर, ऊन पडलेलं आणि वारा कमी असलेला दिवस उत्तम. पहाटे थंडीत ते गवताच्या काडीला धरून निश्चल बसलेले असतात, छायाचित्रं काढणाऱ्यांना तेव्हाच संधी. ऊन चढल्यावर हॉबी नावाचा छोटा ससाणा येतो, उडतानाच चतुर पायात धरतो आणि हवेतच खातो. कोरड्या भागात जून-जुलैत निळं, पंखांच्या कडेला चंदेरी ठिपके असलेलं लहानसं फुलपाखरू दिसेल. त्याच्या अळ्यांना मुंग्या सांभाळतात.

फुलांसाठी यायचं तर ऑगस्टच्या उत्तरार्धात या. तेव्हा हीथर फुलतो आणि अख्खा माळ जांभळा होतो. गॉर्स या काटेरी झुडपाची पिवळी फुलं मात्र वर्षभर कुठे ना कुठे असतात. ऊन तापलं की त्यांना ताज्या खोबऱ्यासारखा वास येतो, कोकणातली मंडळी हमखास थबकतात. हात घालू नका, काटे जबरदस्त आहेत.

जूनमध्ये आम्ही एक संध्याकाळची फेरीही काढतो, रातव्यासाठी. आफ्रिकेतून मे महिन्यात इथे येणारा हा पक्षी सूर्यास्तानंतर घुर्रऽऽ असा एकसुरी आवाज मिनिटभर न थांबता काढतो. तो जमिनीवरच, उघड्यावर अंडी घालतो. सूर्य मावळायलाच सव्वानऊ होतात, त्यामुळे परतायला उशीर होईल. लहान मुलांना या फेरीला आणू नये असं आमचं मत आहे.

आग, कुत्रे, साप आणि गोचीड

मे २०२० च्या अखेरीस थर्स्लीला मोठी आग लागली. सुमारे १५० हेक्टर माळ जळाला, फळ्यांची वाटही गेली. ती पुन्हा बांधली आहे, पण सरपटणारे जीव आणि जुनी झुडपं इतक्या लवकर भरून येत नाहीत. म्हणून सिगारेट, शेगडी, उदबत्ती, वाढदिवसाची मेणबत्ती, काहीही पेटवायचं नाही. या नियमाला आमच्याकडे अपवाद नाही.

१ मार्च ते ३१ जुलै या काळात खुल्या माळावर कुत्र्याला दोन मीटरपेक्षा लांब दोरी चालत नाही, हा कायदा आहे. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी तो केला आहे.

इंग्लंडमध्ये विषारी साप एकच, ॲडर. पाठीवर गडद नागमोडी पट्टा असतो. तो ऊन खात पडलेला दिसला तर लांबून बघा आणि बाजूने निघा, तो आपणहून अंगावर येत नाही. चावलाच, तर हात-पाय न हलवता ९९९ ला फोन करायचा. आवळून बांधणं, चिरा देणं, विष चोखणं यांतलं काहीही करायचं नाही.

खरी काळजी घ्यायची ती गोचिडीची. ती लाइम नावाचा आजार पसरवू शकते. पायघोळ पँट घाला आणि ती मोज्यांत खोचा. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत आणि मुलांच्या केसांच्या कडेला नीट तपासा. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी असले उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा तापासारखं वाटलं, तर डॉक्टरांना दाखवा आणि हीथवर गेलो होतो हे आवर्जून सांगा.

आई-बाबांना घेऊन येताय?

उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन बरीच मंडळी येतात आणि आम्हाला त्याचा आनंद आहे. वाट सपाट आहे, पण फळ्या पावसात निसरड्या होतात आणि वाळूच्या पट्ट्यात पाय रुततात. चप्पल, सँडल नकोत, घट्ट तळव्याचे बूट हवेत. बाबागाडीऐवजी बाळाला पाठीवर किंवा पोटाशी घ्या. जुलैतही पातळ स्वेटर आणि पावसाळी जाकीट बरोबर असू द्या. जीन्स भिजली की लवकर वाळत नाही. वाटेत शौचालय नाही, म्हणून निघताना आम्ही गावात थांबा घेतो.

डबा घरून आणा. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या असं न सांडणारं काही. चहाचा थर्मास आमच्याकडे असतो. संत्र्याच्या सालीसकट सगळा कचरा परत न्यायचा.

आगगाडीने येणाऱ्यांनी लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून निघून गॉडलमिंगला उतरावं, तिथून आमची गाडी घेऊन जाते. एका गटात बारापेक्षा जास्त माणसं घेत नाही, कारण फळ्यांची वाट अरुंद आहे. रिमझिम पावसात सहल होतेच. वादळाचा इशारा असेल किंवा कोरड्या हवामानामुळे वणव्याचा धोका वाढला असेल, तर आदल्या संध्याकाळी फोन करून रद्द करतो. तेव्हा पूर्ण पैसे परत किंवा पुढची तारीख, तुम्हाला सोयीचं असेल ते.