मावशीचा बोलका फोन

पंचवटीतल्या माझ्या मावशीचा फोन मध्यंतरी ‘बिघडला’. बोट लावलं की बडबडायचा, पण उघडायचं नाव नाही. कॉल आला की ‘उत्तर द्या, बटण’ असं स्वतःच सांगायचा आणि मावशीने त्या बटणावर कितीही बोट दाबलं तरी ढिम्म. शेवटी ती तो घेऊन एमजी रोडला गेली. तिथल्या एका दुकानदाराने फोन उलटसुलट केला आणि म्हणाला, “सॉफ्टवेअर मारावं लागेल, डेटा जाईल.” नातवाचे फोटो जाणार म्हटल्यावर मावशी तशीच परत फिरली आणि रात्री शेजारणीच्या मोबाईलवरून मला म्हणाली, “अरे, नुसता बोलतोय तो, माझं ऐकतच नाही.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो, फोन हातात घेतला आणि आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली. ‘टॉकबॅक बंद.’ झालं काम. मावशी म्हणाली, “तुला दिसत नाही, आणि दुरुस्त तू केलास!” दिसत नाही म्हणूनच केला. तिच्या फोनला चार दिवस झालेला ‘बिघाड’ माझ्या फोनमध्ये गेली अकरा वर्षं चोवीस तास चालू असतो. पिशवीत कधीतरी ती दोन बटणं दाबली गेली असणार, एवढंच.

या सोयीला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये तिचं नाव टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. वेगळे पैसे पडत नाहीत. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही ती बहुतेक असेलच, झोपलेली.

मावशीचं नेमकं काय चुकत होतं? डोळस माणूस फोन वापरतो तेव्हा कामाची वाटणी झालेली असते: ‘हे काय आहे’ हे डोळे विचारतात आणि बोट फक्त हुकूम सोडतं. माझ्याकडे दोन्ही कामं बोटावरच. विचारायला लावलेलं बोट हुकूम समजलं गेलं, तर मी चाचपडता चाचपडता दहा जणांना फोन लावून बसेन. म्हणून स्क्रीन रीडर चालू झाला की फोनचा कायदाच बदलतो. एकदा स्पर्श केला तर तो प्रश्न. बोटाखाली काय आहे ते फोन सांगतो. पटापट दोनदा टकटक केलं तर तो हुकूम, आणि ही टकटक काचेवर कुठेही चालते, बटणावर नेम धरावा लागत नाही. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. यादी वरखाली करायला एकाऐवजी दोन बोटं. मावशी बिचारी चार दिवस प्रश्नच विचारत राहिली आणि फोन इमानेइतबारे उत्तरं देत राहिला.

हा कायदा आज सोपा वाटतो, पण तो सुचेपर्यंत आमच्या पोटात गोळा होता. बटणांच्या नोकियावर आम्ही मजेत होतो. पाचाच्या बटणावर उंचवटा असायचा, त्यावरून बाकीचे आकडे सापडायचे, आणि ‘टॉक्स’ नावाचं विकतचं सॉफ्टवेअर टाकलं की मेसेजही ऐकता यायचे. मग आली गुळगुळीत काच. तिच्यावर ना उंचवटा, ना खाच. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘स्लाइड रूल’ नावाचा प्रयोग मांडला आणि बोट सरकवून ऐकायचं, वेगळी खूण करून उघडायचं, अशी काच न बघता चालवता येते हे दाखवलं. जून २००९ मध्ये आयफोन थ्री-जीएसमध्ये व्हॉइसओव्हर आलं. टॉकबॅकही त्याच वर्षी आलं, पण नुसत्या बोटाने काच चाचपायची सोय अँड्रॉइडवर २०११ मध्ये मिळाली.

गूगलमध्ये या कामामागे होते टी. व्ही. रामन. मूळचे पुण्याचे, काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेले, पुढे पुणे विद्यापीठ, आयआयटी मुंबई आणि मग कॉर्नेल. त्यांच्या गटाची एक युक्ती मला अजून फार आवडते. काचेवर पाचाचं बटण शोधायचं कशाला? बोट पहिल्यांदा जिथे टेकेल तिथेच पाच समजायचा! तिथून वर सरकवलं की दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. डोळस माणूस आधी जागा शोधतो आणि मग बोट नेतो, हा हिशेबच त्यांनी उलटा केला.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. लोकांना वाटतं, फोन कॅमेऱ्याने किंवा कशाने तरी पडदा बघतो आणि मला वाचून दाखवतो. तसं नसतं. रामकुंडाजवळ आपले तीर्थोपाध्याय बसतात. बाहेरगावचा यजमान आला की गुरुजी त्याच्या तोंडाकडे बघून त्याला ओळखत नाहीत. आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात आणि बासनातून नामावळीचा चोपडा काढतात. त्यात आजोबा, त्यांचे मुलगे, त्यांची मुलं, कोण कधी येऊन गेलं, सगळं लिहिलेलं. अ‍ॅपच्या मागेही असाच चोपडा असतो. ही खिडकी, खिडकीच्या पोटी यादी, यादीच्या पोटी एकेक मेसेज, मेसेजच्या पोटी नाव, मजकूर, वेळ. प्रत्येक नोंदीपुढे तिचं नाव, ती बटण आहे की चौकट की शीर्षक, चालू आहे की बंद, आणि तिच्यावर काय करता येईल. मी बोट सरकवतो तेव्हा स्क्रीन रीडर या चोपड्यातली पुढची नोंद उचलतो आणि वाचतो. पडद्यावरचं रंगीत चित्र तुमच्यासाठी. माझा व्यवहार चोपड्याशी. म्हणून तर मी पडदा पूर्ण काळा ठेवून फोन वापरतो. शेजारचा डोकावला तरी त्याला काही दिसत नाही.

चोपड्याचे दोन परिणाम होतात. पहिला असा, की माझ्यासाठी पडदा ही रांग असते. तुम्ही एका नजरेत वरचा मथळा, खालचं बटण आणि कोपऱ्यातली जाहिरात पाहता. मला एकामागून एक जावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे उड्या: फक्त शीर्षकांवरून चला, फक्त लिंकांवरून चला, अशी सोय असते. पण शीर्षकाला ‘शीर्षक’ अशी नोंदच नसेल, नुसतीच अक्षरं जाड केलेली असतील, तर उडी मारणार कुठून?

दुसरा परिणाम जास्त तापदायक. अ‍ॅप बनवणाऱ्याने नोंदीपुढे नावच लिहिलं नाही, तर स्क्रीन रीडर ते आणणार कुठून? पडद्यावर कचऱ्याच्या डब्याचं सुंदर चित्र असतं. मला ऐकू येतं, ‘लेबल नसलेलं बटण.’ पुढचं? ‘लेबल नसलेलं बटण.’ आता यातलं ‘पाठवा’ कुठलं आणि ‘काढून टाका’ कुठलं, हे नशिबावर. नाव लिहायला प्रोग्रामरला बहुतेक वेळा एक ओळ पुरते.

एका बँकेच्या अ‍ॅपने मला वर्षभर असंच रडवलं. पिन टाकायच्या पानावर दहाही आकडे मुके. तक्रार केली तर उत्तर आलं, “सुरक्षेसाठी आहे.” ते अगदीच खोटं नाही, हे मला नंतर समजलं. स्क्रीन रीडरला चोपडा वाचायची आणि माझ्या वतीने बटण दाबायची परवानगी लागते. अँड्रॉइडवर हीच परवानगी फसवून मिळवणारी चोरटी अ‍ॅपं आहेत, आणि ती पडद्यावरचं वाचून खातं साफ करतात. त्यामुळे काही बँकांची अ‍ॅपं अशी परवानगी दिसली की सरसकट दार लावून घेतात. चोर त्या दाराने येतो हे खरं, पण माझ्या घराला तेवढं एकच दार आहे.

खातं उघडतानाची तऱ्हा आणखी वेगळी. माणूस जिवंत आहे हे तपासायला कॅमेऱ्यापुढे ‘डोळे मिचकावा’ म्हणतात. चेहरा चौकटीत आला की नाही, हे मला सांगणार कोण? ज्यांचे डोळे अ‍ॅसिडहल्ल्यात गेले त्यांनी काय मिचकावायचं? अशाच तक्रारींवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हणून डोळे मिचकावण्याला पर्याय देण्याचे आदेश दिले.

आता वेगाबद्दल. परवा नाशिकरोडहून सीबीएसला सिटीलिंकने येत होतो. बस द्वारका चौकात नेहमीप्रमाणे अडकलेली, इअरफोन घरी राहिलेला, म्हणून फोन कानाशी धरून मेसेज ऐकत होतो. शेजारचा मुलगा थोडा वेळ थांबला आणि मग राहवेना म्हणून विचारलं, “काका, कुठली भाषा आहे ही?”

“मराठीच.”

त्याला पटेना. मग मी वेग निम्म्यावर आणला. “अरे हो की!”

आम्ही बहुतेक जण असंच ऐकतो. रांगेतून जायचं तर भरभर चाललेलं बरं. जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. डोळस माणसाला सेकंदाला आठ-दहा अक्षरांपर्यंत, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांपर्यंत, नीट कळतं. सरावलेल्या काही अंध श्रोत्यांना बावीसपर्यंत कळत होतं. त्यांचा मेंदू यंत्रात घालून पाहिला, तर ऐकण्याच्या भागांबरोबर डोक्याच्या मागच्या बाजूचा, एरवी डोळ्यांकडून येणारे संदेश घेणारा भागही कामाला लागलेला दिसला. रिकामी पडलेली खोली मेंदूने भाड्याने दिली म्हणा. मात्र याचा अर्थ आंधळ्याचे कान जन्मतः तीक्ष्ण असतात असा कुणी घेऊ नये. मी पहिल्या महिन्यात साध्या वेगालाही ‘काय म्हणाला?’ करत बसायचो.

एवढ्या वेगात आवाज कसला हवा, यावरून आमच्यात आणि डोळस मित्रांत कायम मतभेद. माणसाचं रेकॉर्डिंग शिकवून बनवलेले नवे आवाज गोड असतात, पण वेग चढवला की त्यांतली व्यंजनं एकमेकांत मिसळतात. ‘ईस्पीक’ नावाचं जुनं मोफत यंत्र मराठीही बोलतं, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. ‘आ’ आणि ‘ई’ म्हणताना जीभ हलते, तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो आणि ठरावीक वारंवारितांचे पट्टे ठळक होतात. त्यावरून कान स्वर ओळखतो. ईस्पीक फक्त ते पट्टे गणिताने तयार करतं. श्वास नाही, भाव नाही, दर वेळी तंतोतंत तोच आवाज. त्यामुळे कान त्याला सरावतो, आणि बोट लावल्याबरोबर उत्तर येतं. मावशीच्या भाषेत, भुताचा आवाज. मला तोच लागतो.

मराठीचं दुखणं लिपीपासून सुरू होतं. गुजराती किंवा तमिळ मजकूर आला की नुसत्या अक्षरांवरूनच भाषा समजते. देवनागरीत मात्र हिंदी की मराठी, हे अक्षरं सांगत नाहीत, आणि फोनने हिंदी आवाज लावला की ळ मेला. वहिनीने लिहिलं ‘केळी संपली’, मला ऐकू आलं ‘केली संपली’. मराठी आवाज असला तरी च आणि ज चकवतात. ‘जरा थांब’मधला ज वेगळा, जरा म्हणजे म्हातारपण यातला वेगळा, लिहायला एकच. जुन्या फाइलींचा प्रकार त्याहून भारी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असायची. डोळ्याला शुद्ध मराठी, फोनला इंग्रजी अक्षरांची भेळ. अशा फाइली अजून फिरत असतात.

कॅमेऱ्याचं खातं मात्र वेगळं आहे, आणि ते चोपड्यात नसलेल्या गोष्टींसाठी कामी येतं. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. पाचशेच्या नोटेवर अंधांसाठी उठावदार गोल आणि कडेला पाच रेघा असतात, शंभराच्या नोटेवर त्रिकोण आणि चार रेघा. कोरी नोट मी बोटाने सहज ओळखतो. पण भाजीबाजारातून फिरून आलेली नोट चपटी झालेली असते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मणी’ नावाचं अ‍ॅप आणलं. नोट कॅमेऱ्यापुढे धरली की ते किंमत बोलतं, नेट नसलं तरी.

फोटोत अडकलेला मजकूरही फोन आता बऱ्यापैकी वाचून देतो. वाकडा काढलेला नसेल तर. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी बंद असल्याची सूचना फोटो होऊन यायची, मला फक्त ‘फोटो’ ऐकू यायचं, आणि मी अंगाला साबण लावून कोरड्या नळाखाली उभा. दोनदा असं झाल्यावर सेक्रेटरींना म्हटलं, “दादा, दोन ओळी टाइप करत जा की.” तेव्हापासून ते न चुकता टाइप करतात. काल आलं: ‘उद्या सकाळी दहानंतर पाणी येणार नाही, सहकार्य करावे, जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात...’ सातव्या हातांपर्यंत मी ऐकलं, मग काचेवर दोन बोटं टेकवून फोनला गप्प केलं आणि बादली भरायला उठलो.