नर्सरीत आधी पान बघा

पहिला पाऊस पडला की सोलापुरातल्या नर्सऱ्यांत गर्दी उसळते. फुललेला एक्झोरा, झुपकेदार फर्न, चकचकीत पानांची रोपं रिक्षात बसून घरी येतात, आणि पुढच्या मेअखेर त्यांतल्या बऱ्याच कुंड्या जिन्याखाली रिकाम्या पडलेल्या असतात. माझी चार फर्न अशीच गेली. पाणी कमी पडलं असं मी धरून चाललो होतो, पण कुंडीत तर चिखल होता.

दोष हवेचा होता. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 40 अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पान आपली रंध्रं उघडतं, त्याच दारातून पाण्याची वाफ निसटते. हवा जितकी कोरडी, तितकी गळती जोरात. फर्नचं पातळ पान जेवढं पाणी गमावतं तेवढं मुळं वर चढवूच शकत नाहीत. मग माती ओली असूनही कडा करपतात.

म्हणून रोप घेताना मी आता फुलाकडे नंतर बघतो. कण्हेरीचं पान बोटात धरून पाहा: जाड, चिवट, मेणचट. तिची रंध्रं पानाच्या खालच्या अंगाला बारीक खळग्यांत दडलेली असतात आणि खळग्यांत लव असते, त्यामुळे गरम वारा थेट पोचत नाही. (कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. घरात रांगतं मूल असेल तर तिचा विचारच नको.) कोरफड, स्नेक प्लांट, कलांचो यांची तऱ्हा आणखी वेगळी. ही मंडळी रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून घेऊन त्यावर काम भागवतात. नळाला पाणी येईल तेव्हा पिंपं भरून ठेवणाऱ्या सोलापूरकराला हा हिशोब समजावून सांगायला नको.

बोगनवेलीचं तर कौतुकच वाटतं. तिचा जो रंग आपण फूल समजतो ती पानंच असतात. खरी फुलं म्हणजे मधल्या बारीक पांढुरक्या नळ्या. तिला रोज पाणी घाला, ती नुसती पालवत राहते. पाण्याला जरा ताण द्या, बहरते. डाळिंबाच्या बागेत बहार धरताना शेतकरी नेमकं हेच करतात.

मातीचं गणित मात्र पुष्कळांचं चुकतं. शेतातली काळी माती भारी म्हणून लोक तीच कुंडीत भरतात. शेतात ती सोन्यासारखी आहे, पावसाळ्यातली ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. पण तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. कुंडीत ती काठ सोडते, आणि आपण घातलेलं पाणी मुळांना न भिजवता फटीतून सरळ खाली बशीत उतरतं. काळी माती एक वाटा, बाकी वाळू, शेणखत, नारळाचा भुसा असं मिश्रण बरं.

दुसरं म्हणजे या मातीत चुना भरपूर. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. अशा मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येईल अशा रूपात नसतं. एक्झोराची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या की समजावं, ही लोहाची उपासमार आहे. लोक युरिया टाकतात, उपयोग शून्य. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, काही काळ काम देतं, पण मग दरवर्षी तेच करत बसा. त्यापेक्षा तगर, सदाफुली लावावी.

जागा ठरवताना पश्चिमेची भिंत आधी बघावी. दुपारभर तापलेली ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तिथे बोगनवेल किंवा अडेनियम. गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या टाळाव्यात, त्यांत मुळं अक्षरशः शिजतात. भाजलेल्या मातीची कुंडी माठासारखी पाझरते आणि आतली माती थंड ठेवते. पाणी थोडं जास्त लागतं, तेवढा एक तोटा.

पाचवं फर्न मात्र माझ्याकडे तीन वर्षं टिकून आहे. स्वयंपाकघरात, उत्तरेच्या खिडकीशी, माठाच्या शेजारी.