आंबवलेल्या भाज्या: जहाजावरच्या पिंपांपासून कर्करोगाच्या यादीपर्यंत

1768 साली ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक 'एन्डेव्हर' जहाज घेऊन इंग्लंडहून निघाला तेव्हा बरोबर सॉअरक्राउटची, म्हणजे मीठ लावून आंबवलेल्या कोबीची, पिंपं होती. महिनोन्महिने ताजी भाजी न मिळाल्याने खलाशांच्या हिरड्या सुजत, जुन्या जखमा पुन्हा उकलत आणि शेवटी माणसं दगावत. हाच स्कर्व्ही. पण खलाशी या आंबट कोबीला तोंड लावेनात. कुकने एक युक्ती केली. कोबी रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला आणि इतरांना म्हणाला, हवा तर घ्या, नको तर राहू द्या. आठवडाभरातच मागणी इतकी वाढली की प्रत्येकाचा वाटा ठरवून द्यावा लागला. साहेब खातात म्हणजे चांगलंच असणार!

त्या सफरीत स्कर्व्हीने फारसं नुकसान केलं नाही. मात्र श्रेय एकट्या कोबीला देता येत नाही, कारण किनारा लागला की कुक ताजा पालाही गोळा करून आणवायचा. आंबवलेल्या कोबीत 'क' जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकतं, आणि ते जीवनसत्त्वच स्कर्व्ही रोखतं, हे 1932 च्या सुमारास स्पष्ट झालं. थोडक्यात, ज्याच्या ताटात दुसरं काही हिरवं नाही त्याला हा कोबी औषधासारखा होता. रोज ताजी भाजी खाणाऱ्याला त्यातून तेवढाच लाभ होईल, असं यावरून ठरत नाही.

दुधाचं आंबणं ही नुसती रासायनिक घडामोड नसून सजीवांचं काम आहे, हे लुई पाश्चरने 1857 मध्ये मांडलं. भाजीतही तेच घडतं. वजनाच्या दोन-अडीच टक्के मीठ चोळलं की भाजीला पाणी सुटतं. त्या खाऱ्या पाण्यात हवा पोचत नाही, बाकीचे जंतू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे फोफावतात. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), 4.6 च्या खाली गेला की बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूची वाढ थांबते. आंबवण्याची सुरक्षितता बरीचशी या आंबटपणावर उभी आहे. म्हणून अंदाजाने मीठ कमी करणं, किंवा भाजी पाण्याच्या वर तरंगू देणं, महागात पडू शकतं.

या जंतूंना आरोग्याचे रक्षक ठरवलं जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने दीर्घायुष्याचा संबंध आंबट दुधाशी जोडला. 1908 चं नोबेल त्याला मिळालं ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. या दाव्यासाठी नव्हे. लोक हा फरक विसरतात.

मग उलटी बाजू पुढे आली. चीनच्या हेनान प्रांतातल्या लिनश्यान भागात अन्ननलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण फार होतं, आणि तिथे महिनोन्महिने ठेवलेल्या, अनेकदा बुरशी आलेल्या खारवलेल्या भाज्या खाल्ल्या जात. संशय गेला तो नायट्रोसो संयुगांवर, म्हणजे नायट्राइटपासून बनणाऱ्या आणि कर्करोगाशी जोडल्या जाणाऱ्या रसायनांवर. 1993 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आशियातल्या पारंपरिक खारवलेल्या भाज्या '2बी', म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकल्या. हा गट पुराव्याचं बळ सांगतो, धोक्याचा आकार नाही. शिवाय आंबवण्याच्या पहिल्या काही दिवसांत नायट्राइट वाढतं आणि आम्ल वाढलं की सहसा उतरतं. त्यामुळे अर्धवट आंबलेली किंवा बुरशी धरलेली बरणी आणि नीट मुरलेली बरणी यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

2021 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 36 निरोगी प्रौढांवर प्रयोग केला. त्यातल्या ज्या गटाने दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खाल्ले, त्यांच्या आतड्यातल्या जंतूंची विविधता वाढली आणि दाहाशी निगडित 19 प्रथिनं घटली. मात्र त्यांच्या आहारात दही आणि केफीर, म्हणजे आंबवलेलं पातळ दूध, हेही होतं. सगळं श्रेय भाजीला देणं म्हणजे कुकच्या कोबीचीच गोष्ट पुन्हा सांगणं.

मिठाचा हिशोब मात्र कुठल्याही अभ्यासाविना मांडता येतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. दोन टक्के मिठाच्या 100 ग्रॅम भाजीत त्यातले जवळपास 2 ग्रॅम संपतात. बाजारातली बरणी उष्णता देऊन टिकवलेली असेल तर जिवंत जंतू उरत नाहीत, मीठ उरतं. नुसत्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या भाजीत तर आंबवणं झालेलंच नसतं. आंबवलेल्या पदार्थांत तयार होणारं हिस्टामिन हे रसायन ज्यांना सोसत नाही त्यांना डोकेदुखी किंवा अंगावर लाली येऊ शकते. नैराश्यावरची एमएओ रोधक औषधं घेणाऱ्यांचा रक्तदाब अशा पदार्थांतल्या टायरामिन या रसायनामुळे एकदम चढू शकतो, तेव्हा त्यांनी बरणी उघडण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.