टर्बोचार्जर झोत एंजिन
जुन्या वाहनाच्या टर्बोचार्जरला (एक्झॉस्टच्या जोरावर एंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या यंत्राला) ज्वलनकोठी जोडून तयार केलेले लहान वायू टरबाइन. केंद्रोत्सारी संपीडक (हवा मध्यातून काठाकडे फेकून दाबणारे चाक) आणि अरीय टरबाइन (काठाकडून मध्याकडे येणाऱ्या वायूने फिरणारे चाक) टर्बोमध्ये एकाच शाफ्टवर आयतेच असतात. मूळ रचनेत टरबाइन डीझेल एंजिनाच्या एक्झॉस्टने फिरते. येथे त्या एंजिनाची जागा कोठीतील अखंड ज्वाला घेते. संपीडकाने दाबलेली हवा कोठीत तापते, टरबाइन फिरवते आणि उरलेल्या दाबाने प्रोथातून (निमुळत्या तोंडातून) झोताच्या रूपात बाहेर पडते.

या रचनेचे मूळ कोठे मानावे याविषयी मतभेद आहेत. काही लेखक ते फ्रँक व्हिटल यांच्या १९३७ मधील झोत एंजिनाशी जोडतात, तर काही अल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या टर्बोचार्जर पेटंटशी. त्याआधीच, १९०३ मध्ये, नॉर्वेतील एगिडियस एलिंग यांच्या वायू टरबाइनने स्वतःचा संपीडक चालवून सुमारे ११ अश्वशक्ती उरवली होती. आर्मांगो व लमाल यांचे पॅरिसमधील यंत्रही जवळपास त्याच काळातले. मात्र त्याची कार्यक्षमता जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास होती. त्यामुळे अग्रमान एलिंग यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. झोत एंजिन आणि टर्बोचार्जर या दोन्ही शाखांचा संबंध अमेरिकेत उघड दिसतो. १९४१ मध्ये व्हिटल एंजिनाची अमेरिकी आवृत्ती बांधण्याचे काम जनरल इलेक्ट्रिककडे गेले, त्यामागे कंपनीचे अभियंते सॅनफर्ड मॉस यांच्या काळापासूनचा विमानी टर्बोचार्जरांचा अनुभव होता. हौशी बांधणीचा प्रसार बहुधा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतला. कुर्ट श्रेकलिंग यांचे लाकडी संपीडकाचे मॉडेल-एंजिन त्याच सुमाराचे, पण ते वेगळ्या, अक्षीय टरबाइनच्या (वायू शाफ्टच्या दिशेने वाहणाऱ्या) शाखेत मोडते.

भंगारातून टर्बो निवडताना शाफ्ट हाताने फिरवून पाहतात. तेलाच्या थरावर शाफ्ट तोलणाऱ्या बुशांमुळे शाफ्ट आडवा किंचित हलणे स्वाभाविक आहे. पाती टर्बोच्या घराला (बाहेरच्या कवचाला) घासल्याची खूण असेल किंवा शाफ्ट मागेपुढे हलताना जाणवत असेल, तर टर्बो घेऊ नये. टरबाइनच्या तोंडाशी कोन बदलणाऱ्या पात्यांचे (व्हीजीटी) टर्बो टाळावेत, कारण सततच्या उष्णतेत ती पाती अडकतात. वेस्टगेट (जास्तीचा वायू टरबाइनला वळसा घालून सोडणारी झडप) वेल्डिंगने बंद करतात. टरबाइनचे तोंड दुभागलेले असल्यास जोडनळीतून दोन्ही भागांना सारखा वायू मिळाला पाहिजे.

ज्वालानळी, म्हणजे कोठीच्या आतली भोके पाडलेली नळी, हे या यंत्राचे मर्म. तिच्या मापांचा प्रचलित आडाखा संपीडकाच्या प्रवेशमुखाच्या व्यासावर बसवलेला आहे : नळीचा व्यास दुप्पट, लांबी सहापट आणि भोकांचे एकूण क्षेत्रफळ प्रवेशमुखाइतके. प्रवेशमुख ५० मिमी असल्यास नळी १०० मिमी व्यासाची, ३०० मिमी लांब आणि भोके सुमारे १,९६० चौ. मिमी. पैकी ३० टक्के ज्वालेच्या प्राथमिक भागात (६ मिमीची २१), २० टक्के मध्यभागी (८ मिमीची ८) आणि ५० टक्के टरबाइनकडच्या टोकाला (१२ मिमीची ९). शेवटची भोके मोठी ठेवण्याचे कारण असे की, संपूर्ण ज्वलनास वजनाने इंधनाच्या सुमारे १५ पट हवा लागते, पण टरबाइनची पाती टिकण्यासाठी एकूण हवा ५० ते ६० पट हवी. जास्तीची हवा केवळ वायू थंड करते. प्राथमिक भोके कमी पडली तर ज्वाला लांबते आणि टरबाइनमध्ये जळत राहते. नळी एकाच टोकाला पक्की करावी. ७०० अंशांच्या फरकाने ३०० मिमी स्टेनलेस पोलाद साडेतीन ते चार मिमी वाढते. दोन्ही टोके जखडल्यास नळी वाकते किंवा वेल्ड फुटतो.

तेलाचा दाब ३ ते ४ बार ठेवतात. त्यासाठी मोटरवरचा गिअर पंप, गाळणी व कूलर लागतो. परतीची नळी किमान १५ ते २० मिमी आतल्या व्यासाची, सरळ खाली उतरणारी असावी. शाफ्टवरच्या कड्या म्हणजे खरे सील नव्हेत. परतीचे तेल तुंबले की ते टरबाइनकडे झिरपते आणि पांढरट-निळा धूर येतो. बरेच जण अशा वेळी टर्बोलाच दोष देतात.

सुरू करताना प्रथम तेल, मग ब्लोअरची हवा, मग ठिणगी आणि शेवटी इंधन, हा क्रम मोडू नये. नवशिके बहुधा प्रोपेन वापरतात, कारण ते बाष्परूपात सहज पेटते. दोन-तीन सेकंदांत ज्वाला न धरल्यास इंधन तोडून कोठी हवेने धुवावी. साचलेला वायू नंतर पेटला तर स्फोट होतो. वेग कमी असताना इंधन जास्त पडले की हवा अपुरी पडून टरबाइन तांबडे होते. डीझेल टर्बोसाठी प्रवेशतापमानाची मर्यादा साधारण ७०० ते ७५० अंश सेल्सिअस धरतात, म्हणून के-प्रकारचे तापयुग्म (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) आणि कोठीवरचा दाबमापक यांशिवाय यंत्र चालवू नये. इंधन वाढवताना धडधड ऐकू आली तर ते हवा उलटी फिरल्याचे, म्हणजे सर्जचे, लक्षण. इंधन लगेच कमी करावे. बंद केल्यावरही तेल आणि हवा चालू ठेवावी लागते, नाहीतर गरम बुशात तेलाचा कोळसा होतो.

७५ मिमीच्या चाकाचा काठ मिनिटाला १ लाख फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ३९० मीटर वेगाने जातो. फुटलेले चाक टर्बोच्या घराचे कवच भेदू शकते, म्हणून चाकाच्या प्रतलात कोणीही उभे राहू नये. चाचणी उघड्यावर, कानांना संरक्षण लावून आणि अग्निशामक जवळ ठेवूनच करतात. घरगुती गॅस सिलिंडर भारतात अशा कामासाठी वापरता येत नाही.