पडद्यावरील रसायनशास्त्राची पडताळणी

चित्रपटांत किंवा दूरचित्रवाणी मालिकांत दाखवलेली रासायनिक अभिक्रिया प्रत्यक्षात तशी घडेल का, याची उपलब्ध माहिती, आकडेमोड किंवा प्रयोगाच्या आधारे केलेली तपासणी. पदार्थ खरा आहे का, अभिक्रिया खरी आहे का आणि दाखवलेल्या प्रमाणात, वेळेत व भांड्यात ती होईल का, हे तिन्ही वेगवेगळे तपासावे लागते. अभ्यासून लिहिलेल्या कथा पहिल्या दोन कसोट्यांवर बहुधा उतरतात आणि तिसरीवर घसरतात.

या पडताळणीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘ब्रेकिंग बॅड’ (2008–2013) ही अमेरिकन मालिका. तिचा नायक रसायनशास्त्राचा शिक्षक असून अंमली पदार्थ बनवू लागतो. निर्माते व्हिन्स गिलिगन यांना शास्त्रीय सल्ल्याची गरज असल्याचे वाचून ओक्लाहोमा विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका डॉना नेल्सन यांनी स्वतःहून मदत देऊ केली. पुढे 2016 मध्ये त्या अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अध्यक्षही झाल्या. मालिकेत नायक बनवतो तो अंमली पदार्थ, म्हणजे मेथॅम्फेटामिन, निळा दाखवणे त्यांना मान्य नव्हते, कारण हा पदार्थ शुद्ध असेल तर त्याचे स्फटिक रंगहीन किंवा पांढरे दिसतात. गिलिगन यांना मात्र नायकाच्या मालाची वेगळी ओळख हवी होती, म्हणून निळा रंग राहिला. चित्रीकरणात वापरलेले ‘स्फटिक’ म्हणजे रंगवलेली खडीसाखर होती.

पहिल्याच पर्वात मृतदेह नष्ट करण्यासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरलेले दिसते. नायक पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकचे पिंप आणायला सांगतो, त्याचा साथीदार आम्ल थेट बाथटबमध्ये ओततो, आणि टब व त्याखालची जमीन विरघळून सगळे खालच्या मजल्यावर कोसळते. पिंपाचा आग्रह अगदी बरोबर आहे. हे आम्ल काचेतील सिलिकावर हल्ला करते, म्हणून ते काचेच्या बाटलीत न ठेवता प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. प्रचलित समज प्रयोगाने तपासणाऱ्या ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने 2013 मध्ये टबच्या व जमिनीच्या साहित्याचे तुकडे आणि डुकराचे मांस या आम्लात ठेवून पाहिले, तेव्हा काहीही पूर्ण विरघळले नाही. पुढे गंधकाम्ल आणि एक गुप्त ठेवलेले रसायन वापरल्यावर मांसाचा लगदा झाला, टब मात्र शाबूत राहिला.

या आम्लाचा खरा धोका त्या दृश्यात येतच नाही. जलीय द्रावणात ते दुर्बल आम्लांत गणले जाते. तरीही ते त्वचेतून खोल शिरते आणि त्यातील फ्लुओराइड शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते. सौम्य द्रावण असेल तर सुरुवातीला वेदनाही जाणवत नाहीत. रक्तातील कॅल्शियम घसरले की हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच जिथे हे आम्ल हाताळले जाते, तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम जवळ ठेवतात. कोसळणाऱ्या टबपेक्षा ही गोष्ट दाखवली असती, तर प्रेक्षकाला खरोखर उपयोगी माहिती मिळाली असती.

त्याच पर्वात नायक मर्क्युरी फल्मिनेटचा एक खडा जमिनीवर फेकून खोली उडवतो. हा पदार्थ घर्षणाने व आघाताने फुटतो, आणि एकोणिसाव्या शतकात तो डिटोनेटरमध्ये, म्हणजे मुख्य स्फोटक पेटवणाऱ्या छोट्या स्फोटकात, सर्रास वापरला जाई. ‘मिथबस्टर्स’च्या चाचणीत मात्र तसा स्फोट घडवायला कितीतरी जास्त माल आणि जास्त वेग लागला. अशा स्फोटात खोलीतले कोणीही, नायकासकट, वाचले नसते.

क्लोरोफॉर्मचा रुमाल हिंदी-मराठी चित्रपटांच्या प्रेक्षकालाही चांगलाच ओळखीचा आहे. नाकाशी धरला की दोन क्षणांत माणूस गळतो, असे दिसते. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी 1847 मध्ये भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरात आणले. प्रत्यक्षात शुद्ध हरपायला ते काही मिनिटे सतत हुंगावे लागते आणि बेशुद्धी टिकवायला पुढेही देत राहावे लागते. मात्रा जास्त झाली तर श्वास किंवा हृदय बंद पडते.

पडताळणी करताना एक भेद पाळायला हवा. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये अंमली पदार्थाच्या कृतीतील काही टप्पे मुद्दाम गाळले होते, म्हणजे कोणी ती पाहून माल बनवू नये. अशी गाळलेली पायरी चुकांच्या यादीत धरणे अन्यायाचे आहे. निळा रंग हा कथेसाठी जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता, तर रुमालाचे दृश्य ही वर्षानुवर्षे न तपासता उचललेली चूक आहे.