वेगळ्या नावाची एसएसएच किल्ली क्लायंटला का दिसत नाही

एसएसएचनं, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या साधनानं, जोडताना ‘परमिशन डिनाइड’ दिसलं की बहुतेक जण आधी सर्व्हरवरच्या ‘ऑथोराइज्ड_कीज’ फाइलकडे, म्हणजे मान्य किल्ल्यांच्या यादीकडे, धावतात. पण पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या किल्लीच्या फाइलला आपण वेगळं नाव दिलेलं असेल, तर खोट बहुधा आपल्याच मशीनवर असते. तिचं मूळ जुनं आहे.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरत असल्याचं उघडकीस आलं. टेलनेट आणि आरलॉगिन ही दूरवरून लॉगिन करण्याची साधनं तेव्हा सगळं उघड्यावरच पाठवत. तिथल्याच तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. पब्लिक कीनं, म्हणजे एक भाग आपल्याकडे आणि दुसरा सर्व्हरवर असलेल्या किल्लीनं, लॉगिन करण्याची सोय त्यात सुरुवातीपासून होती. किल्लीची ठरलेली जागा मात्र एकच: ‘डॉट एसएसएच’ फोल्डरमधली ‘आयडेंटिटी’ ही फाइल.

पुढे प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती आली आणि ‘आयडी_आरएसए’, ‘आयडी_डीएसए’ ही नावं रुळली. ओपनएसएसएच या एसएसएचच्या मुक्त आवृत्तीत २०११ साली ईसीडीएसए आणि २०१४ साली ईडी२५५१९ हे किल्ल्यांचे नवे प्रकार आल्यावर यादी आणखी वाढली. पण क्लायंटची, म्हणजे आपल्या मशीनवरच्या एसएसएच प्रोग्रामची, रीत तीच राहिली: तो फोल्डर चाळत नाही, यादीतली ठरलेली नावं तेवढी पाहतो. ‘ऑफिस_सर्व्हर’ नावाची किल्ली शेजारीच पडून असली तरी तो तिला हात लावत नाही. आज्ञेत ‘डॅश आय’ हा पर्याय देऊन किंवा कॉन्फिग फाइलमधल्या ‘आयडेंटिटीफाइल’नं तिचा पत्ता द्यावाच लागतो.

इतकं करूनही अडतं ते एजंटमुळे, म्हणजे किल्ल्या मेमरीत सांभाळणाऱ्या सहायक प्रोग्राममुळे, आणि हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. सांगितलेली किल्ली एजंटमध्ये नसेल, तर क्लायंट आधी एजंटमधल्या सगळ्या किल्ल्या पुढे करतो, आपली शेवटी. सर्व्हर प्रत्येक नाकारलेली किल्ली एक चूक म्हणून मोजतो आणि किती प्रयत्न चालतील हे ठरवणाऱ्या ‘मॅक्सऑथट्राइज’ची मूळ मर्यादा ६ आहे. एजंटमध्ये सात-आठ किल्ल्या असल्या की आपली पाळी येण्याआधीच जोडणी तुटते आणि ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ हा निरोप येतो. यासाठीच २००४ च्या ३.९ आवृत्तीत ‘आयडेंटिटीजओन्ली’ हा पर्याय आला. तो ‘येस’ ठेवला की सांगितलेल्या किल्लीपलीकडे एजंटमधलं काही पुढे जात नाही.

म्हणून सर्व्हरला दोष देण्याआधी जोडणीचे तपशील दाखवणारं ‘एसएसएच डॅश व्ही’ चालवावं आणि ‘ऑफरिंग पब्लिक की’ या ओळी वाचाव्यात. त्यांत आपल्या फाइलचं नाव नसेल, तर सर्व्हरनं ती किल्ली अजून पाहिलेलीच नाही.