ओपीजी काढलाय ना, मग परत आरव्हीजी कशाला?

माझ्या दातांच्या दवाखान्यात पेशंटकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. आरव्हीजी, म्हणजे दाताचा छोटा एक्स-रे, तुम्हाला माहितीये, रूट कॅनल झालेल्या प्रत्येकाने तो वायरवाला सेन्सर तोंडात धरलेला असतो, दोनतीन दात येतात त्यात. ओपीजी म्हणजे मोठा एक्स-रे, त्यात मशीन डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एकाच फोटोत. हल्ली दोन्ही डिजिटलच असतात, त्यामुळे "छोटा नको, डिजिटल काढा" असं कृपया म्हणू नका.

खरा घोळ असा की मोठा फोटो म्हणजे त्यात छोटा आलाच, असं लोक धरून चालतात. नाही येत! ओपीजीत एक्स-रेची ट्यूब आणि सेन्सर साधारण १५ सेकंद फिरतात आणि घोड्याच्या नालेसारखा एक पट्टा तेवढा स्पष्ट येतो, त्याच्या आतबाहेरचं सगळं पुसट. पुढच्या दातांपाशी हा पट्टा एकदम अरुंद, डोकं जरा पुढे गेलं की दात बारीक दिसतात, मागे गेलं की रुंद, शिवाय मानेच्या मणक्याची सावलीही तिथेच पडते. उपदाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि कीड बऱ्याचदा नेमकी दोन दातांच्या मधेच असते. बारकावा म्हणाल तर ओपीजीत एका मिलिमीटरात काळ्या-पांढऱ्या रेघांच्या साधारण ५ जोड्या वेगळ्या ओळखता येतात, आरव्हीजीत १० च्या वर सहज. गोड खाल्लं की ठणका मारणारी दाढ ओपीजीत स्वच्छ आणि आरव्हीजीत मधोमध काळा डाग, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. म्हणून एका दाताच्या दुखण्याला मी आधी आरव्हीजीच काढते, रेडिएशनही त्यात कमी.

अक्कलदाढ आडवी आहे का, तिची मुळं खालच्या नसेला किती जवळ, मुलांचे पक्के दात आत आहेत का, जबड्याला मार लागलाय, तारा लावायच्यात, अशा वेळी मात्र ओपीजीच हवा. पण त्यावर पट्टी ठेवून इम्प्लांटची लांबी मोजलेली मला अजिबात चालत नाही, सगळं २०-३० टक्के मोठं दिसतं त्यात, त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करा.

आणि ओपीजीला जाताना कानातलं, नथ, चेन सगळं काढून जा. कानातल्याची सावली विरुद्ध बाजूला, जरा वर, बरेचदा वरच्या दाढांजवळच पडते आणि मग अख्खा ओपीजी परत काढावा लागतो.